चारशे वेळा विकलेला अंगरखा

१

हिदरेल्लेझच्या वसंतसणाला तुतीला पालवी फुटते. त्याच सकाळी बुर्सा शहरातल्या तुतीच्या गल्लीत वक्फच्या धर्मादाय निधीची पेटी वर्षातून एकदा उघडतात. त्या मंगळवारी ती उघडली. शिलकीचे दोनशे दहा कुरुश मोजून पुरे निघाले, एकही कमी नाही. पैशांच्या डब्यावरचं गाठोडंही जागच्या जागी होतं. पण गाठोड्यात हिरवा अंगरखा नव्हता. एक जुनी करडी घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती.

“या अल्ला,” म्हणून म्हातारा झेनेल हाजी खालीच बसला.

हाजी म्हणजे वक्फचा मुतवल्ली, अठरा वर्षांपासूनचा कारभारी. त्याच्या बाह्यांवर सुकलेल्या अक्रोडाच्या पानांचा चुरा पडला होता. कसर लागू नये म्हणून दर साली पेटी मिटताना गाठोड्यावर अक्रोडाची ओली पानं पसरायची, ही त्याची पद्धत. वर्षभरात ती पानं गाठोड्याच्या घडीघडीला चिकटून वाळायची आणि उचलताना पापडासारखी मोडायची. आजही तशीच मोडली होती.

काझीच्या कचेरीतून करार लिहायला आलेले हुलुसी एफेंदी लेखणी हातात धरून बसले होते. या गल्लीत ते पहिल्यांदाच आले होते. आधीचा लेखनिक थंडीत वारला, म्हणून त्यांची पाळी. त्यांनी एक पान चटईवरून उचललं, अख्खं होतं, बोटाएवढं लांब. ते त्यांनी दफ्तरात ठेवून दिलं. का ठेवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकट्या राहणाऱ्या माणसाला फुटकळ गोष्टी जपायची सवय लागते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि घरी बोलायला एक चेपलेला हंडा तेवढा होता, तोही उकळला तरच.

“पैसे ठेवून अंगरखा नेला!” दारातून जाफर मेणबत्तीवाला ओरडला. “असला चोर बापजन्मात ऐकला नाही. हाजी आगा, तुम्हीच पांघरून झोपत असाल थंडीत. आठवून बघा, उशाखाली असेल!”

चार माणसं हसली. हाजी हसला नाही.

कारण वक्फ करणाऱ्या शाहूबान हातूनने, म्हणजे शाहूबान बाईने, आपल्या करारात लिहून ठेवलं होतं, की वक्फची एक वस्तू जरी हरवली, तरी मुतवल्लीने त्याच आठवड्यात पायउतार व्हावं. आणि मुतवल्लीच्या पदाबरोबर पाणपोईच्या वरची ती खोलीही जायची, जिथे बाहत्तर वर्षांचा झेनेल हाजी एकटा राहत होता. त्याला ना मूल, ना भाऊ, ना पुतण्या.

दुपारी काझीचे नायब दुर्री एफेंदी यांचा निरोप आला: शुक्रवारच्या नमाजापर्यंत अंगरखा मिळाला तर ठीक. नाही तर किल्ली जाफरच्या हातात, पुढचा मुतवल्ली तोच.

२

अंगरख्यात एवढं काय होतं, ते सांगायला हवं.

कर्जावर वाढ घेणं हराम, विक्रीत नफा घेणं हलाल. मग गरिबाला कर्ज द्यायचं, वर चार पैसे सुटले पाहिजेत, त्या पैशांतून मशिदीचं तेल, पाणपोईची डागडुजी आणि गरीब घरांचा कर भागला पाहिजे, तर करायचं काय? तर असं. शंभर कुरुश कर्ज द्यायचे आणि त्याबरोबर एक अंगरखा पंधरा कुरुशला उधारीवर विकायचा. घेणाऱ्याने “कबूल” म्हणायचं, अंगरखा खांद्यावर घ्यायचा आणि लगेच इमामाला भेट म्हणून देऊन टाकायचा. इमामाने तो वक्फला भेट द्यायचा. अंगरखा पुन्हा पेटीपाशी. वर्षाने कर्जाचे शंभर परत यायचे आणि अंगरख्याची किंमत पंधरा.

तोच अंगरखा त्याच सकाळी वीस-बावीस जणांना विकला जायचा. अठरा वर्षांत चारशे वेळा विकला गेला असेल. तो घालून उंबऱ्याबाहेर मात्र कुणी पडलं नव्हतं.

“आणि आता यंदाचे करार कसे करायचे?” हुलुसींनी विचारलं. ते दोघे पाणपोईवरच्या खोलीत बसले होते. खालून पाण्याचा आवाज येत होता, अखंड, कुणाशीही न बोलणारा.

“करार होतील. कुणाची तरी घोंगडी विकू,” हाजी म्हणाला. त्याने वाडग्यात ताऱ्हानाचं आंबूस सूप ओतलं आणि वाडगा पुढे सरकवला. “घ्या. दोघांपुरतं करायची सवयच नाही, थोडं पाणचट झालंय.”

“किल्ल्या कितीजणांकडे?”

“दोन. एक माझ्या गळ्यात, एक आमच्या इमामाकडे, सिराज होजाकडे. दोन्ही लावल्याशिवाय कुलूप हलत नाही.”

“मग तुम्ही दोघांनी मिळून चोरला, नाही तर कुणीच चोरला नाही.”

“तसं म्हणा.” हाजीने पांढऱ्या मिशा पुसल्या. “पण एफेंदी, होजाला तो अंगरखा डोळ्यांसमोर नको असायचा. गेल्या साली पेटी उघडली, तेव्हा सकाळीच सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हा कसरीनं खाल्लेला झगा पुढच्या वर्षी जुन्या बाजारात टाकून या, आणि त्याच्या जागी एखादा धर्मग्रंथ ठेवा. निदान विकताना लाज तरी वाटेल!’”

हुलुसींचा हात वाडग्यावर थांबला.

“सगळ्यांसमोर म्हणाला?”

“दार उघडं होतं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.”

म्हणजे अंगरख्याचं आयुष्य एका वर्षावर आलंय, हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि कुणा एकाला ते सहन झालं नव्हतं.

३

सिराज होजा मशिदीच्या ओट्यावर बसून नखं कापत होता. तरुण, तापट, बोलण्यात धार.

“मीच चोरला म्हणा,” तो म्हणाला. “चोरायलाच हवा होता. तो अंगरखा म्हणजे व्याजाच्या तोंडावर टाकलेला बुरखा. खालून मिशा दिसतात!”

“पण भेट तर तुमच्याच हातून परत येते, होजा.”

होजाची मान खाली गेली. “येते. गल्लीतल्या बाया रेशमाच्या किड्यांना पानं कशानं घेणार? मी नाही म्हटलं, तर त्या सावकाराकडे जातील, आणि तो शंभराला चाळीस घेईल. म्हणून मी डोळे मिटून पुटपुटतो: ‘कबूल, वक्फला भेट, कबूल, वक्फला भेट.’ एका दमात. कडू औषध जसं गिळतात तसं.”

“समोरच्याचे शब्द ऐकता?”

“कसले शब्द?”

“‘मी हा अंगरखा होजाला भेट देतो.’ हे ते म्हणतात ना?”

“म्हणत असतील की. सगळेच म्हणतात. ऐकायचंय काय त्यात?”

हुलुसींनी मान हलवली. कचेरीत तीस वर्षं तेही असंच ऐकत आले होते. सारखे तेच शब्द आले, की कान आपोआप मिटतात.

“तुमची किल्ली कुठे असते?”

“इथे.” होजाने डोक्यावरचं पागोटं थोपटलं. “वर्षभर डोक्यावर वागवतो. बायको म्हणते, झोपेतसुद्धा खणखणता.”

परत येताना वाटेत जाफरने गाठलं. त्याच्या अंगाला चरबीचा वास होता आणि तोंडाला मध.

“एफेंदी, तुम्ही कशाला उन्हातान्हात हिंडता? म्हाताऱ्यानं विकून खाल्ला, मिटलं. मी काही त्याचं वाईट चिंतत नाही हं. खोली मिळाली तर रोज सूप पाठवीन त्याला.”

“कुठे पाठवशील?”

“आं?”

“खोली तू घेतल्यावर तो राहणार कुठे, ते विचारतोय.”

हा विचार जाफरला शिवलाच नव्हता. हुलुसी पुढे चालू लागले आणि मशिदीमागच्या अक्रोडाच्या झाडाखाली एकाएकी थांबले.

झाडाला नुकती पालवी फुटली होती. पानं तांबूस, मऊ, बोटाएवढी. उन्हाळ्यात हीच पानं तळहाताहून मोठी होतात. हुलुसींनी दफ्तरातलं सुकलं पान काढून फांदीवरच्या पानाशेजारी धरलं.

लांबी तंतोतंत तीच.

४

“म्हणजे?” हाजीने विचारलं.

“म्हणजे गाठोड्यावरची पानं गेल्या हिदरेल्लेझचीच होती. तुम्ही स्वतः पसरलेली. नंतर कुणी पेटी उघडून गाठोडं उचललं असतं, तर पानांचा तेव्हाच चुरा झाला असता. त्यानं नवी पानं आणून घातली असती, तर ती उन्हाळ्याची मोठी पानं असती. थंडीत तर झाड उघडंच असतं. पण आज सकाळी ती पानं तुमच्या हातात मोडली. वर्षभर त्या पेटीला कुणी शिवलं नाही, हाजी आगा.”

“मग अंगरखा गेला कसा?”

“तो पेटीत गेलाच नाही. गेल्या साली तुम्ही घोंगडीच आत ठेवलीत.”

हाजीने गळ्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाला, “गाठोडं मी सोडून बघितलं नव्हतं. कशाला बघू? ते काय, नुसतं नावाला असतं.”

“असंच सगळ्यांना वाटतं. आता गेल्या सालची नोंद काढा.”

दफ्तर उघडलं. बावीस करार होते. प्रत्येकाखाली जुन्या लेखनिकाच्या बारीक अक्षरात तेच: विकला, कबूल केला, भेट दिला. एकोणीस पुरुष. ते चारचौघांत अंगरखा खांद्यावर घेणारे, त्यांच्याकडून अदलाबदल व्हायची नाही. बायका तीन. त्यांच्यासाठी खोलीत आडवा पडदा असायचा. गाठोडं पडद्याआड सरकवायचं, आतून “कबूल” यायचं आणि गाठोडं परत यायचं.

“मधेच बदलला असता तर पुढच्याला कळलं असतं. शेवटी कोण होतं?”

हाजीने बोट ठेवलं. “रेफिया. वीस कुरुश. पण एफेंदी, तिचं नाव काढू नका. सात वर्षं दर साली घेते आणि दर साली ठरल्या दिवशी परत. वर अंगरख्याचे तीन कुरुश. यंदाही सकाळीच शेजारणीच्या हाती पाठवले. अशी दुसरी कर्जदार मिळायची नाही! थैलीची गाठसुद्धा तीच असते. मी म्हणायचो, पोरी, तू पैसे खर्चतेस की त्यांना नुसती हवा दाखवून आणतेस?”

तो आपल्याच विनोदावर हसला. हुलुसी हसले नाहीत.

“कशासाठी घेते म्हणाली?”

“किड्यांना पानं घ्यायला. सगळ्या त्यासाठीच घेतात.”

हुलुसींनी दफ्तराच्या तळातून शाहूबान हातूनचा मूळ करार काढला आणि अंगरख्याबद्दलची ओळ शोधली. ‘हिरव्या बनातीचा, पिवळ्या रेशमी अस्तराचा, माझा मुलगा इल्यास याच्या लग्नासाठी शिवलेला. तो सैन्याबरोबर बगदादकडे गेला, अजून आलेला नाही.’

“कुणाशी ठरलं होतं लग्न?”

“कुणाशीच नाही. आईनं आधी अंगरखा शिवला, म्हणाली, पोरगी मागाहून बघू. मग तो गेला. बावीस वर्षं झाली. तिनं चार वर्षं वाट बघितली, आणि मरताना अंगरखा नि पैसा वक्फला दिला.”

“अस्तराचं रेशीम कुणी कातलं?”

म्हाताऱ्याने आठवायला डोळे मिटले. “तिच्याच अंगणात पोरी कातायच्या. सहा-सात जणी होत्या.” मग डोळे उघडले. “रेफिया तेव्हा एकोणीस वर्षांची असेल.”

५

गुरुवारी दुपारी हुलुसी एफेंदी गल्लीच्या टोकाला गेले. तिथून पुढे केशीश डोंगराचा चढ लागतो आणि माथ्यावरचा बर्फ मे महिन्यातही दिसतो. अंगणाचं फाटक अर्धं उघडं होतं. आत रेशीम कातायचा रहाट फिरत होता आणि एक बाई हलक्या आवाजात गात होती:

*घर विणलं किड्यानं, सूत त्याच्या ओठी गं,
दार ठेवाया विसरला, कुणाच्या वाटेसाठी गं.*

हुलुसी फाटकाबाहेरच उभे राहिले. अंगण झाडलेलं, स्वच्छ, रिकामं. रेशमाच्या किड्यांची एक पाटी नाही, तुतीचं एक पान नाही.

“रेफिया हातून, कचेरीतून हुलुसी आलोय. पानं कुठे ठेवता?”

रहाट थांबला. “कसली पानं?”

“सात वर्षं कर्ज काढून घेतलेली.”

रहाटापाशी कुणी उठल्याचा आवाज झाला. मग पावलं आली आणि फाटकाच्या आड थांबली. फटीतून हुलुसींना फक्त तिचे हात दिसले, रेशमाने चिरलेले. त्या हातांत एक गाठोडं होतं, आधीच बांधलेलं.

“कालपासून निघतेय,” ती म्हणाली. “दोनदा फाटकापर्यंत आले. हाजी आगांवर आळ आलाय, कळलं मला. पाय उचलत नाही हो, एफेंदी. गल्लीतून हे घेऊन जायचं, सगळ्यांनी बघायचं, नि महिनाभर चुलीवर शिजवायचं, ‘रेफियाचं असं होतं बरं का.’ आणि होतं काय? काहीच नव्हतं. दोनदा इल्यासनं माझ्या हातून पाणी घेतलं. एकदा म्हणाला, हे पिवळं रेशीम तुझ्या रहाटावरचं ना, मग मी थंडीत गारठायचो नाही. एवढंच. यावर बावीस वर्षं काढली, असं कुणाला सांगू? हसतील!”

“मी हसत नाही.”

“दिसतंय.” ती थांबली. “वडील होते तोवर माझ्या नावानं कर्ज निघत नव्हतं. ते गेले आणि मी पहिल्यांदा वीस कुरुश घेतले. पडद्याआड गाठोडं आलं. आत हात घातला, अस्तर हाताला लागलं. माझंच सूत. ते कळतं बघा, आपला पीळ कळतो. तीन कुरुशला वर्षातून एकदा तेवढं मिळायचं. स्वस्तच म्हणायचं.”

“आणि थैली?”

“गाठ सोडलीच नाही. वीस कुरुशांचं मला करायचं काय होतं?”

हुलुसींना घरातली एक लाकडी खुंटी आठवली. तिच्यावर सहा वर्षं एक ओढणी टांगलेली होती, तिला ते धुवायला देत नव्हते.

“मग गेल्या साली सकाळी होजा म्हणाले, जुन्या बाजारात टाकणार,” रेफिया सांगू लागली. “मी घरी पळत आले, घोंगडी बुरख्याखाली घेतली नि रांगेत सगळ्यांत मागे उभी राहिले. पडद्याआड बदललं. वाटलं, वर्षानं पैसे देताना सांगेन. धीर झाला नाही.”

“एक विचारतो, नीट आठवून सांगा. भेट दिल्याचे शब्द तुम्ही बोललात का?”

“नाही.” हा आवाज मात्र ठाम होता. “‘कबूल’ म्हणाले. पुढचं नाही म्हणाले. चोरी केली असेल, पण खोटं नाही बोलले. होजा आपलं पुटपुटत होते, त्यांना कळलंच नाही.”

हुलुसींनी दीर्घ श्वास घेतला. एक दोर हाताला लागला होता, आणि तो ओढला तर अख्ख्या बुर्साचं छप्पर हलणार होतं.

“मग एवढं वर्ष तो तुमच्यापाशी होता,” ते म्हणाले. “बरं वाटलं असेल.”

फाटकाच्या आड ती हसली की काय, कळलं नाही.

“त्या दिवशी दार लावून घेतलं नि तोंड खुपसलं त्याच्यात. मेंढीची चरबी. तंबाखू. खोगीरवाल्याच्या खळीचा वास. अठरा वर्षं सगळ्या गल्लीनं खांद्यावर घेतलेला तो, एफेंदी. अर्धी गल्ली होती त्यात. इल्यास तेवढा नव्हता.”

६

शुक्रवारी नमाजाच्या आधी कचेरीत गर्दी झाली. नायब दुर्री एफेंदी तरुण होते, घाईत होते, आणि गादीवर बसल्याबसल्या त्यांनी माळ ओढायला घेतली. जाफर धुतलेले कपडे घालून आला होता. हाजी खांबाला टेकून उभा होता. त्याने खोलीतला वाडगा, चटई आणि चिमटा एका चादरीत बांधून बरोबरच आणला होता. पडद्याआड रेफिया होती. होजा सगळ्यांपासून दूर होता, कुणाकडे न बघता.

“अंगरखा मिळाला,” हुलुसींनी सुरुवात केली. “आणि चोर नाही.”

“असं कसं?” जाफर ओरडला. “मिळाला तर चोर पाहिजेच!”

“गप्प बस,” नायब म्हणाले. “हं, हुलुसी एफेंदी.”

हुलुसींनी अक्रोडाचं पान नायबांपुढे ठेवलं. पेटी वर्षभर उघडली नव्हती, मग अंगरखा पेटीत गेलाच नव्हता, मग तो शेवटच्या करारात पडद्याआड राहिला, हे एकामागून एक सांगितलं. शेवटी रेफिया हातूनचं नाव घेतलं. गर्दीत कुजबुज उठली. पडदा किंचित हलला.

“म्हणजे चोर ही बाई!” नायबांची माळ थांबली.

“एफेंदी, दफ्तरात काय लिहिलंय? मुतवल्लीनं अंगरखा हिला तीन कुरुशला विकला. हिनं कबूल केला. तीन कुरुश मुदतीत फेडले, ते मंगळवारी आमच्यासमोर मोजून घेतले. विकत घेतलेली वस्तू घरी नेणं ही चोरी कधीपासून?”

“पण पुढे भेट दिल्याचं लिहिलंय!”

“लिहिणाऱ्यानं सवयीनं लिहिलं. होजा, तुम्ही साक्षीदार. शपथेवर सांगा, हिनं भेट दिल्याचे शब्द तुम्ही ऐकलेत?”

होजाचा चेहरा लाल झाला. “नाही,” तो म्हणाला. “मी ऐकत नव्हतो. ते माझं पाप.”

“अहो पण,” नायब गादीवर पुढे सरकले, “हे सगळं नावाला असतं, हे शेंबडं पोरही सांगेल! ती विक्री काही खरी विक्री नव्हे!”

हुलुसींनी लेखणी शाईत बुडवली आणि कागदावर धरली.

“तसं लिहू?” त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. “‘वक्फच्या कर्जाबरोबरची विक्री खरी नव्हे, असा कचेरीचा निर्णय.’ तीस वर्षांत असे चार हजार करार मी याच हातानं लिहिलेत. मशिदींचे, मदरशांचे, सुतारांचे, चांभारांचे. विक्री खोटी असेल, तर तो सगळा नफा व्याज ठरतो आणि परत करावा लागतो. खरी असेल, तर अंगरखा या बाईचा. आपण सांगाल तसं लिहितो.”

नायबांनी शाईच्या थेंबाकडे बघितलं. थेंब लेखणीच्या टोकाला लोंबत होता. मग त्यांनी होजाकडे बघितलं. होजा कुठेतरी छताकडे बघत होता, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हसू पाहत होतं.

“लिहा,” नायब घाईघाईने म्हणाले, “अंगरखा रेफिया हातूनच्या मालकीचा. वक्फचं काहीही हरवलेलं नाही. मुतवल्ली आपल्या जागी कायम. आणि यापुढे बाया असोत की पुरुष, साक्षीदारानं शब्द कान देऊन ऐकावेत. चला, अजान होईल.”

जाफर सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. हाजीने चादरीची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. एकाने पुढे होऊन सोडून दिली.

“थांबा,” पडद्याआडून आवाज आला. “माझा आहे ना आता तो? मग मला तो द्यायचाय.”

“वक्फला?” नायबांनी वळून विचारलं.

“वक्फला नको. वक्फनं चारशेदा विकला, एकदाही कुणाला ऊब दिली नाही. पाणपोईच्या वरची खोली थंड असते. मी हा अंगरखा झेनेल हाजींना भेट देते.” ती थांबली, आणि प्रत्येक शब्द वेगळा करून पुन्हा म्हणाली, “भेट देते. ऐकलंत का, होजा?”

“ऐकलं, हातून,” होजा म्हणाला.

पडद्याखालून गाठोडं पुढे आलं. हाजीने ते दोन्ही हातांनी उचललं.

“कबूल,” तो म्हणाला, आणि अठरा वर्षांच्या सवयीने जीभ तशीच पुढे धावली, “आणि मी हा वक्फला…”

“हाजी आगा!” अख्खी कचेरी ओरडली.

म्हातारा गोंधळून थांबला. मग त्याने अंगरखा झटकला आणि अंगात घातला. खांदे रुंद होते, बाह्या बोटांवरून खाली येत होत्या. कुणा उंच, तरुण माणसाच्या मापाचा होता तो. कुणी हसलं नाही. हाजीने अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाला, “गरम आहे गं.”

गर्दी नमाजाला पांगली. हुलुसींनी शेवटची ओळ लिहिली आणि शाईवर वाळू टाकली. आता खिडकीतून त्यांना चढाची वाट दिसत होती. रेफिया एकटीच वर चालली होती, सावकाश, वळूनही न बघता. तिचे दोन्ही हात अजून पुढे धरलेले होते. ओझं उतरलंय, हे त्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं.